कवटीच्या प्रतिकृतीवरून मानवाची प्रजाती कशी ओळखायची

प्रतिकृती हातात आली की पहिला प्रश्न हमखास येतो: मेंदू केवढा होता? ते मोजमाप शेवटी करा. होमो इरेक्टस या नामशेष मानव प्रजातीचा मेंदू साधारण ५५० ते १२५० घन सेंमी, निअँडरथल या दुसऱ्या नामशेष मानवाचा १२०० ते १७५० आणि आपला, म्हणजे होमो सेपियन्सचा, बहुधा १००० ते १८००. त्यामुळे ११०० हा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या होमो नालेडीचा मेंदू तर ४६५ ते ६१० घन सेंमीच, आणि तो जगला अडीच-तीन लाख वर्षांपूर्वी. म्हणजे लहान मेंदू दिसला की लगेच 'फार जुना' म्हणायचीही सोय नाही. आधी घडण पाहायची.

सामान थोडंच लागतं: वाकड्या टोकांचा कॅलिपर (रुंदी मोजायचा चिमटा), मिलिमीटरची पट्टी, टॉर्च आणि कवटी टेकवायला वाळूची छोटी पिशवी. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येईल अशी कवटी पिशवीवर बसवा. हा टप्पा टाळू नका. तोंड खाली झुकलेलं असेल तर इरेक्टसचं उतरतं कपाळही उभं वाटतं, आणि निम्म्या चुका इथेच होतात.

मग कवटी उलटी करून मज्जारज्जूचं मोठं छिद्र बघा. ते तळाच्या मध्याकडे असेल तर प्राणी दोन पायांवर चालणारा. चिंपँझीत ते मागे सरकलेलं असतं. एवढं झालं की पुढे चला.

सगळ्यात जास्त माहिती मागून मिळते, आणि तिथेच कुणी बघत नाही. कवटीची सर्वांत जास्त रुंदी कुठे आहे ते कॅलिपरने शोधा. इरेक्टसमध्ये ती खाली, कानांच्या जरा वर असते आणि तिथून बाजू आत कलत तंबूसारख्या वर जातात. निअँडरथलची कवटी मागून जवळजवळ गोल दिसते. आपल्या कवटीच्या बाजू उभ्या असतात, रुंदी वरच्या भागात सापडते आणि आकृती पंचकोनी होते. आता टॉर्च तिरपा धरा. मागच्या हाडावर आडवा जाड कंगोरा उठून दिसला तर इरेक्टसकडे कल द्या. मागे फुगवटा आणि तिथेच छोटा आडवा खळगा असेल तर निअँडरथल.

बाजूने बघताना भुवईचं हाड तपासा. इरेक्टसमध्ये तो सलग आडवा पट्टा असतो, निअँडरथलमध्ये दोन्ही डोळ्यांवर कमानी, आणि आपल्यात तो बारीक आणि तुटक. मूल असेल तर मात्र हा पुरावा बाद, कारण कंगोरे वयात येताना वाढतात. म्हणून दुधाचे दात आहेत का, अक्कलदाढ आली आहे का, हे आधीच बघून घ्या.

खालचा जबडा असेल तर पुढच्या दातांना लावून पट्टी उभी धरा. हाड पट्टीच्या पुढे आलं तर हनुवटी आहे, आणि ती फक्त आपल्या प्रजातीत ठसठशीत असते. पण जबडा त्याच व्यक्तीचा आहे का, हे लेबलवर वाचा. पुनर्रचनेत दुसऱ्याचा जबडा जोडलेला असू शकतो.

चेहरा एक सांगतो आणि कवटीचा टोप, म्हणजे मेंदूवरचा घुमट, दुसरंच, असं झालं तर गोंधळू नका. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत. त्यांचा चेहरा बराचसा आपल्यासारखा आहे, पण मेंदूची पेटी लांबट आणि बुटकी. आपल्या प्रजातीची गोल कवटी नंतर घडत गेली.

आपल्याकडचं कठीण उदाहरण मध्य प्रदेशातल्या हथनोराचं. नर्मदाकाठी १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना कवटीच्या टोपाचा बराचसा उजवा भाग मिळाला. जबडा नसल्याने हनुवटीची कसोटी लागूच होत नाही. सुरुवातीला त्याला इरेक्टस म्हटलं गेलं, नंतर काहींनी प्राचीन सेपियन्समध्ये घातलं. अशा तुकड्यावर ठाम शिक्का मारू नये, 'होमो' (मानव) एवढंच लिहावं.

आता आकारमान. आतली पोकळी हुबेहूब असलेल्या प्रतिकृतीतच ते मोजता येतं. बारीक छिद्रं कापसाने बुजवा, चाळलेली मोहरी मोठ्या छिद्रातून भरा, हलक्या टिचक्या मारत पुन्हा भरा आणि मोजपात्रात ओता. पात्रालाही तशाच टिचक्या मारा, नाहीतर दाणे सैल बसून आकडा फुगतो. तीनदा मोजून सरासरी घ्या. थ्री-डी प्रिंट असेल तर त्याआधी कवटीची लांबी मूळ नोंदीशी पडताळा. प्रिंट लांबीत ५ टक्के लहान असेल तर आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटतं, आणि १४०० चा निअँडरथल १२०० वर येतो.