उंदराच्या उड्या थांबल्या, पण कशामुळे? विड्रॉवलच्या (नशेचं औषध तुटल्यावरच्या त्रासाच्या) प्रयोगात या चुका टाळा

मॉर्फिनची सवय लागलेल्या माईसना (छोट्या उंदरांना) नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा परिणाम तोडणारं औषध, टोचलं की काही मिनिटांत उड्या, पंजांची थरथर, पातळ विष्ठा सुरू होते. आधी क्लोनिडीन दिलं असेल तर यातलं बरंच ओसरतं, कारण लोकस सेरुलिअस या मेंदूच्या भागातला नॉरॲड्रेनॅलिनचा उसळा ते अल्फा-2 रिसेप्टरवाटे दाबतं. व्हायव्हात इथपर्यंत सगळेच सांगतात. घोळ होतो तो आकडे वाचताना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त उड्या मोजणं. तोच अल्फा-2 रिसेप्टर गुंगीही आणतो. क्लोनिडीनच्या 0.1 मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. डोसनंतर माईस कोपऱ्यात अंग चोरून बसतो, ढोसल्याशिवाय हलत नाही. असा प्राणी उड्या मारणार कशा? म्हणून मॉर्फिन न दिलेला, नुसता क्लोनिडीनचा गट हवाच. त्याचं ॲक्टोफोटोमीटरवर (प्रकाशकिरण तुटण्यावरून हालचाल मोजणारं यंत्र) 10 मिनिटांचं रीडिंग घ्या, जमल्यास रोटारॉडही (फिरत्या दांड्यावर तोल मोजणारं यंत्र). त्याच डोसला हालचालही उड्यांइतकीच घटली असेल, तर ‘विड्रॉवल कमी झालं’ असं लिहू नका.

मग वजन आणि विष्ठा पाहू, असं वाटेल. तिथेही फसगत आहे. क्लोनिडीन आतड्याची हालचाल मंदावतं आणि लघवी वाढवतं; त्यामुळे जुलाब उगाच कमी दिसतात, वजनातली घट उगाच जास्त. रॅटमध्ये (मोठ्या उंदरात) तर बाकीची लक्षणं उतरून उड्या मात्र वाढल्याचंही दिसलेलं आहे. प्रत्येक लक्षण वेगळं नोंदवा, सगळ्यांची बेरीज करून एकच स्कोअर दाखवू नका. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, हे वेगळं सांगायला नको.

अल्फा-2 रिसेप्टर अडवणाऱ्या योहिम्बिनने क्लोनिडीनचा परिणाम उलटवून दाखवणार असाल तर नुसत्या योहिम्बिनचा गटही ठेवा. ते सेरोटोनिन आणि डोपामिन रिसेप्टरलाही चिकटतं. अटिपामेझोल हे अल्फा-2 अडवणारं दुसरं औषध त्या मानाने नेमकं. अल्फा-1 रिसेप्टर चेतवणारं फिनाइलएफ्रिन पोटात टोचून मेंदूवरचा परिणाम शोधू नका, ते मेंदूत फारसं पोहोचतच नाही.

0.1 मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. डोस काढताना: 25 ग्रॅमच्या माईसला 10 मि.ली./कि.ग्रॅ. हिशेबाने 0.25 मि.ली.; म्हणजे द्रावण 0.01 मि.ग्रॅ./मि.ली. एवढं बारीक वजन थेट करू नका. 1 मि.ग्रॅ./मि.ली.चा स्टॉक करून सलाइनमध्ये शंभरपट पातळ करा. डोस बेसचा (शुद्ध क्लोनिडीनचा) की हायड्रोक्लोराइडचा (त्याच्या सॉल्टचा), तेही लिहा, 1 मि.ग्रॅ. बेससाठी सॉल्ट 1.16 मि.ग्रॅ. लागतं.

नाशिकची थंडी हा आपला खास शत्रू. जानेवारीत सकाळचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहून खाली, आणि क्लोनिडीन स्वतःच शरीराचं तापमान पाडतं. गारठलेला माईस हलत नाही, ती गुंगी समजली जाते. खोली 22 अंशांच्या आसपास ठेवा, सगळे गट एकाच वेळेला तपासा.

मॉर्फिनसाठी एनडीपीएसची (अमली पदार्थांच्या कायद्याची) कागदपत्रं आणि एथिक्स कमिटीची मंजुरी प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच हातात घ्या.

आणि रीडिंग अचानक पडलं तर औषधाला श्रेय देण्याआधी फोटोसेलच्या काचेवरची लघवी पुसा, खिडकीतलं ऊन पडदा ओढून अडवा आणि सलाइनचा माईस पुन्हा आत सोडून बघा.