हुमले चावले, लाल मुंग्या डसल्या: कुठल्या विषाला काय करायचं

आंब्याच्या दिवसांत आमच्या सावंतवाडीकडे झाडावरून अंग झाडत उतरणाऱ्याला सगळे एकच सांगतात, "चुना लाव." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी मुलांना बजावते, चुना नको. तो स्वतःच तीव्र अल्कली आहे, सोललेल्या कातडीला आणखी भाजतो. शिवाय सगळ्या मुंग्यांचं विष एक नसतं. आधी मुंगी बघा.

पानं शिवून घरटं करणारे, लांब पायांचे तांबूस हुमले असतील तर त्यांना नांगी नसते. ते जबड्याने कातडी धरतात आणि पोट वाकवून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारतात. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून मिळवलं ते हेच आम्ल. ते पाण्यात सहज मिसळतं, म्हणून झाडाखालून बाजूला व्हा, हुमले झटका आणि भरपूर पाण्याने धुवा. बहुतेकांना एवढं पुरतं. डोळ्यात गेलं तर मात्र चोळू नका. पापणी उघडी धरून निदान १५ मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि मग डॉक्टरांना दाखवाच.

अंगणात, शेताच्या बांधावर भुसभुशीत मातीत वारूळ करणाऱ्या बारीक लाल मुंग्यांचं, म्हणजे सोलेनॉप्सिस गटाचं, प्रकरण निराळं. या जबड्याने घट्ट धरतात आणि नांगी पुन्हा पुन्हा खुपसतात. नुसत्या पाण्याने त्या सुटत नाहीत, हाताने भराभर झाडून काढाव्या लागतात. यांच्या विषाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सोलेनॉप्सिन नावाच्या अल्कलॉइडांचा. ती आम्लारी, म्हणजे सोड्यासारखीच अल्कलीच्या गुणाची असतात, पाण्यात जेमतेम विरघळतात आणि कातडीच्या आत टोचली जातात. खायचा सोडा चोळून काही साधत नाही, त्याचं कारण हेच. अल्कलॉइडं पेशी मारतात, मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या कातडीतल्या पेशी) हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडवतात, त्यातून आग, सूज, खाज. जागा साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा, खाजवू नका. दुसऱ्या दिवशी पांढरट फोड आला (अमेरिकेत पसरलेल्या इनव्हिक्टा जातीच्या दंशाने तो हमखास येतो) तर फोडू नका. आत दिसतो तो पू जंतूंचा नसतो. जंतू शिरतात ते फोड फुटल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. याच विषात अगदी थोडी प्रथिनं असतात, आणि जिवावर बेतणारी ॲलर्जी होते ती त्यांच्यामुळे. आधीच्या दंशाने शरीर संवेदनशील झालेलं असेल तर पुढे एकच डंख पुरतो. अंगभर गांध्या, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर यांतलं काही दिसलं तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. उभं करून चालवू नका. यावर पहिलं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी खाजेला ठीक आहे, पण घसरलेला रक्तदाब ती सावरत नाही. असं एकदा झालेल्या माणसाने ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटून ॲड्रेनालिन जवळ बाळगण्याबद्दल विचारावं, आणि बागेत एकट्याने जाऊ नये.