हायड्राला गर्दी हवी: 'हीरोज ३' मधल्या या चुका टाळा

'हीरोज ३' या संगणकावरच्या युद्धखेळातली एक लढाई. माझ्याकडे सहा केऑस हायड्रा (अनेक तोंडांच्या हायड्राचं वरचढ रूप), दलदलीचं मैदान, म्हणजे त्यांची घरचीच जमीन. अटॅक, डिफेन्स आणि स्पीड तिन्ही एकेकानं वाढलेले. तरीही लढाई संपली तेव्हा दोनच हायड्रा उरले होते. हिशेब करायला बसलो तर दिसलं की चार राउंडमध्ये त्यांनी एका वेळी एकापेक्षा जास्त शत्रूंना फक्त एकदाच मारलं होतं. फौज कमकुवत नव्हती, उभी चुकीच्या जागी होती.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा खेळ न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगनं १९९९ मध्ये काढला आणि आजही तो मनापासून खेळणारे लोक आहेत. एकाच वारात अनेकांना झोडपणारे प्राणी त्यात बरेच आहेत: हायड्रा, सर्बेरस (तीन डोक्यांचा कुत्रा), मॅजिक एलिमेंटल, मॅगॉग, लिच, श्वासानं दोन हेक्स (मैदानावरची षटकोनी घरं) जाळणारे ड्रॅगन. नवे खेळाडू या सगळ्यांना सारखंच चालवतात. बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

हायड्रा शत्रूच्या मागे धावतोय

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून आधी हीच.

केऑस हायड्राच्या एका वाराचं नुकसान २५ ते ४५, सरासरी ३५. सहा हायड्रांचे झाले २१० (अटॅक-डिफेन्सचा फरक बाजूला ठेवू). शेजारी शत्रूचा एकच स्टॅक (एकाच जातीच्या सैनिकांचा एकत्र लढणारा गट) असेल तर त्या टर्नची कमाई २१०. चार स्टॅक लागून असतील तर प्रत्येकाला पूर्ण २१०, म्हणजे ८४०. नुकसान चौघांत वाटलं जात नाही. हायड्रा दोन हेक्स व्यापतो, त्यामुळे मोकळ्या मैदानात त्याच्याभोवती आठ हेक्स असतात. तुम्ही त्यातले किती भरले, यावर त्याची किंमत ठरते.

आता स्पीड (एका टर्नमध्ये किती हेक्स चालणार आणि कोण आधी खेळणार, ते यावर ठरतं) बघा: ७. साधा हायड्रा तर ५. मैदान १५ हेक्स रुंद. पलीकडच्या धनुर्धाऱ्यांकडे चालत गेलात तर पहिला राउंड चालण्यातच जातो, वाटेत मार बसतो आणि पोहोचल्यावर समोर एकटाच स्टॅक सापडतो. बाकीचे तोवर तुमच्या मागच्या फळीत शिरलेले असतात.

कबड्डीत चढाईला गेलेला गडी साखळीत सापडू नये म्हणून धडपडतो. हायड्राचं उलटं आहे, त्याला साखळीच हवी असते. घेरणारा प्रत्येक जण त्याच्या टप्प्यात येतो आणि त्याच्या हल्ल्यावर कुणालाही उलट वार करता येत नाही. म्हणून पहिल्या राउंडला दोन-तीन हेक्स पुढे सरका किंवा जागेवरच थांबा, आणि शत्रूला ज्याच्यावर तुटून पडावंसं वाटेल असं काहीतरी शेजारी ठेवा. फोर्ट्रेसच्या (हायड्रा ज्या शहराचा, त्याच्या) फौजेत सुटा केलेला एकेक नोल, म्हणजे तिथला साधा सैनिक, यासाठी पुरतो. त्याला मारायला आलेला शत्रू आपसूक हायड्राला लागून उभा राहतो.

इथे एक बारकावा सुटतो. आमिष हायड्राला पूर्ण चिकटून ठेवलं तर त्यानं हायड्राच्याच आठ हेक्सपैकी एक अडवला. मध्ये एक हेक्स मोकळा सोडा. मग त्या फटीत येणारा शत्रू दोघांनाही लागून असतो.

हायड्रा कोपऱ्यात

आपल्या नेमबाजांना वाचवायला हायड्राला मैदानाच्या कडेला उभं करण्याची सवय पुष्कळांना असते. नेमबाज वाचतात, हे खरं. पण कडेला आठातले तीन-चार हेक्स मैदानाबाहेर जातात, दोन आपल्याच सैन्यानं भरतात, उरलेल्या दोन-तीन हेक्सवर शत्रू किती येणार? पहारेकरी म्हणून त्याच फौजेतला बॅसिलिस्क वापरा. हायड्राची जागा मैदानाच्या मधल्या पट्ट्यात आहे, खडक आणि झाडं यांपासूनही थोडी दूर, कारण अडथळ्यानं भरलेला हेक्सही वायाच जातो. हीरोकडे (फौजेच्या सेनापतीकडे) टॅक्टिक्स हे कौशल्य असेल तर लढाई सुरू होण्याआधीच त्याला तिथे पोहोचवता येतं. एक्सपर्ट (सर्वांत वरच्या पातळीचं) टॅक्टिक्स सात हेक्सपर्यंत मोकळीक देतं, आणि हायड्रासारख्या मंद प्राण्यासाठी तो जवळपास एका टर्नचा फायदा आहे.

टर्न आली की लगेच मारायचं

वेट या (आपली टर्न पुढे ढकलणाऱ्या) बटणाचा योग्य वापर न केल्यानं जितक्या लढाया हातच्या गेल्या, तितक्या दुसऱ्या कशानं नसतील. वेट केलेले स्टॅक राउंडच्या शेवटी खेळतात, आणि त्यांच्यात क्रम उलटा असतो: सर्वांत मंद आधी. म्हणजे हायड्रानं वेट केलं आणि समोरच्या एखाद्या वेगवान स्टॅकनंही केलं, तर आधी हायड्राच खेळणार.

याचा पुरेपूर उपयोग असा. हायड्रानं वेट करायचं, शत्रूला जवळ येऊ द्यायचं, राउंडच्या शेवटी जमलेल्या घोळक्यावर वार करायचा. पुढच्या राउंडला शत्रू पांगायच्या आत तुमची टर्न आली तर लागोपाठ दुसरा वार. त्यासाठी स्पीड लागतो. एक्सपर्ट एअर मॅजिकवर हेस्ट (वेग वाढवणारा मंत्र) टाकलं तर सगळ्या फौजेचा स्पीड ५ नं वाढतो आणि केऑस हायड्रा १२ वर जातो. एक्सपर्ट अर्थ मॅजिक असेल तर स्लो टाका, शत्रूच्या सगळ्या फौजेचा वेग निम्मा होतो. मला स्लो जास्त आवडतं. हेस्टनं आपण पुढे पळतो, स्लोनं शत्रू आपल्या शेजारीच रेंगाळतो, आणि हायड्राला तेच हवं.

टेलिपोर्ट, म्हणजे स्टॅकला क्षणात दुसऱ्या जागी नेणारा मंत्र, त्याच्या बाबतीतही वेळ चुकते. राउंडच्या सुरुवातीला, दुसऱ्याच कुणाची टर्न चालू असताना हायड्राला शत्रूच्या मधोमध नेऊन ठेवलं, तर त्याची टर्न येईपर्यंत वेगवान स्टॅक तिथून निघून गेलेले असतात. हायड्राची स्वतःची टर्न येऊ द्या, मग टेलिपोर्ट करा आणि त्याच टर्नमध्ये हल्ला करा. एक्सपर्ट वॉटर मॅजिक असेल तर किल्ल्याची भिंतही आड येत नाही. वेढ्यात भिंतीआड दाटीनं उभ्या असलेल्या नेमबाजांमध्ये हायड्रा उतरवणं हा या खेळातला सगळ्यात देखणा डाव आहे, असं मला वाटतं.

सर्बेरसला हायड्रा समजणं

सर्बेरसलाही उलट वार बसत नाही, म्हणून लोक त्याला बेधडक घोळक्यात घालतात. पण त्याची हेल्थ २५ आहे, केऑस हायड्राची २५०. हायड्रा घेराव सोसतो, सर्बेरस नाही. शिवाय तो चहूबाजूंना मारत नाही. समोरचं लक्ष्य आणि त्या लक्ष्याच्या दोन्ही बाजूंचे हेक्स, एवढाच त्याचा टप्पा. ओळीनं उभ्या असलेल्या तिघांत टोकाच्यावर हल्ला केला तर एक डोकं रिकामं जातं. मधल्याला लक्ष्य करा. आणि स्पीड ८ आहे म्हणून पहिल्याच राउंडला एकटं पुढे पाठवू नका. मारून जे उरेल ते त्याला संपवू शकणार नाही, अशा बेतानंच तो सोडा. मॅजिक एलिमेंटल सगळ्या बाजूंना मारतो, पण हेल्थ ८०, तेव्हा त्यालाही हाच नियम.

मॅगॉगनं आपलीच माणसं भाजली

मॅगॉगचा आगीचा गोळा लक्ष्याच्या शेजारच्या सगळ्या हेक्सवर पसरतो आणि आपलं-परकं बघत नाही. घडतं असं की सर्बेरस (८) आधी धावून शत्रूला भिडतात, मग मॅगॉगची (६) टर्न येते आणि गोळा टाकायला निर्धोक जागाच उरत नाही. उपाय सोपा आहे: पुढे जाणाऱ्यांना वेट करायला लावा. मॅगॉग आधी मारतील, मग बाकीचे जातील. शत्रू मॅगॉगला येऊन चिकटला तर गोळा बंद, आणि हातघाईत नुकसानही निम्मं, म्हणून त्यांच्यापुढे कुणीतरी उभं हवंच.

लिचच्या मृत्यूच्या ढगाचं वेगळं आहे. तो मृतांना बाधत नाही, त्यामुळे शुद्ध नेक्रोपोलिस (मृतांच्या शहराच्या) फौजेत व्हॅम्पायर लॉर्ड शत्रूंच्या गराड्यात असतानाच ढग टाकायचा. तिथे कचरू नका. मात्र फौजेत जिवंत प्राणी मिसळले असतील तर मॅगॉगचीच काळजी इथेही लागू.

ड्रॅगननं हल्ला केला, पण मागच्याला लागलंच नाही

ड्रॅगनचा श्वास हल्ल्याच्या दिशेत सरळ रेषेत दोन हेक्स जातो. समोर ग्रिफिन किंवा चँपियनसारखा दोन हेक्सचा प्राणी असेल आणि तुम्ही तोंडासमोरून मारलं, तर दुसरा हेक्स त्याच्याच शरीराचा. श्वास वाया. तिरप्या बाजूनं या. माउस लक्ष्याच्या कडेनं हळूहळू फिरवला की तलवारीचा कर्सर दिशा बदलतो. ती दिशा बघूनच क्लिक करा, घाई नको. मागच्या हेक्सवर आपला स्टॅक असेल तर तोही भाजतो.

ड्रॅगनला उलट वार बसतो, पण तो फक्त पहिल्या लक्ष्याकडून. मागच्याला पूर्ण नुकसान होतं आणि तो उलट मारत नाही. पुढे पन्नास दुबळे पाइकमन आणि मागे चाळीस तगडे क्रुसेडर असतील तर हल्ला पाइकमनवर करा. वार क्रुसेडरनाही बसेल, परतफेड फक्त पाइकमन करतील. ही एक सवय लागली तरी ड्रॅगनांचे जीव वाचतात. आणि ब्लॅक ड्रॅगनवर हेस्ट किंवा टेलिपोर्ट टाकायचा बेत आखू नका, त्याच्यावर कोणताच मंत्र चालत नाही.

थोडक्यात सुटणाऱ्या दोन गोष्टी

शत्रूचा मोठा स्टॅक ब्लाइंड मंत्रानं आंधळा करून थोपवला असेल तर हायड्रा त्याच्या शेजारी नेऊ नका. तो सगळ्यांना मारतो, त्यात आंधळ्यालाही, आणि मार बसला की ब्लाइंड उतरतं.

समोर माणूस खेळत असेल तर तो तुमच्या हायड्राजवळ फौज जमवणारच नाही. एकेकाचे सुटे स्टॅक पुढे फेकेल, हायड्राची टर्न खाईल आणि नेमबाजांकडून दुरून झोडपेल. अशा वेळी सुट्यांकडे लक्ष देऊ नका. ड्रॅगन फ्लाय (स्पीड १३) आणि वायव्हर्न हे आपले उडणारे प्राणी नेमबाजांवर सोडा, त्यांची तोंडं बंद करा. नेमबाजांना सोडवायला त्याचे मोठे स्टॅक मागे वळतील आणि आपोआप एकमेकांजवळ येतील. वेट करून ठेवलेला हायड्रा आणि टेलिपोर्टपुरता शिल्लक ठेवलेला माना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती), दोन्ही तेव्हा कामाला आणा.