ट्रम्पेटवर जॅझ शिकताना या चुका टाळा: पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने शिकलेल्या वादकांसाठी

पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने ट्रम्पेट शिकलेला वादक जॅझकडे वळतो, तेव्हा दमसास, सुरेलपणा, बाराही स्केल्स आणि समोर ठेवलेला कागद बिनचूक वाचण्याची सवय एवढी शिदोरी त्याच्यापाशी असते. तरीही पहिल्याच जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांनी एकत्र जमून उत्स्फूर्तपणे वाजवण्याच्या बैठकीत, त्याचे वादन कवायतीसारखे ऐकू येते. आपली हार्मनी, म्हणजे कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) जाण, कच्ची आहे असा निष्कर्ष काढून तो मोड्सचे (निरनिराळ्या स्वररचनेच्या स्केल्सचे) तक्ते पाठ करायला बसतो. मीही परीक्षेच्या आठ ग्रेड पूर्ण केल्यावर हेच केले आणि त्यात जवळजवळ वर्ष घालवले. हे निदान बहुधा चुकीचे असते. दोष आधी जिभेत असतो, मग कानात, आणि हार्मनीची पाळी त्यानंतर येते.

वाक्य बरोबर स्वरांचे असूनही ते झुलत नसेल, तर प्रथम टंगिंग, म्हणजे जिभेने स्वर सुरू करण्याची पद्धत, तपासावे. 1864 साली प्रसिद्ध झालेल्या आर्बनच्या पाठ्यपुस्तकापासून आपल्याला ‘तू’ या बोलाने प्रत्येक स्वर स्वच्छ सुरू करण्याचे वळण लागलेले असते. शिवाय स्विंग (जॅझची झुलती लय) म्हणजे टिंब दिलेला आठवा (अर्ध्या ठोक्याचा स्वर, टिंबाने थोडा लांबवलेला) आणि त्यापुढे सोळावा (पाव ठोक्याचा), अशी समजूत करून घेतल्यामुळे वादन लंगडत चालल्यासारखे होते. प्रत्यक्षात दोन आठव्यांमधले अंतर लयीनुसार बदलते आणि द्रुत लयीत ते जवळजवळ समान होते, त्यामुळे ते कागदावर मोजून हाती लागत नाही. मात्र जीभ कुठे लावायची हे निश्चित शिकता येते. ठोक्यावरच्या स्वराला जीभ न लावता दोन ठोक्यांच्या मधल्या स्वराला ती लावावी, आणि तिथून पुढच्या ठोक्यावर स्लरने, म्हणजे पुन्हा जीभ न लावता, उतरावे. बोलही ‘त’ऐवजी ‘द’ ठेवावा. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण दोन्ही अक्षरे जिभेच्या एकाच जागेवरून येतात आणि त्यांतले कोणते मऊ आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. सी मेजर स्केल अशा रीतीने संथ लयीत वर-खाली वाजवावी आणि मेट्रोनोमचा टोला पहिल्या-तिसऱ्याऐवजी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे असे मानावे. पहिले काही दिवस जीभ आपोआप ठोक्यावर परत जाते, म्हणून हा अभ्यास वाद्य हाती घेण्यापूर्वी तोंडाने म्हणून करणे अधिक उपयोगी ठरते.

दुसरी चूक सवयीतून येते. एखादा सोलो आवडला की आपण त्याची छापील प्रत शोधतो, ती मिळाली की वाचतो, आणि वाचता आले की सोलो आला असे समजतो. त्या कागदावर स्वर असतात. कोणता स्वर अर्धवट गिळला, कोणता किंचित उशिरा आला आणि लांब स्वर सरळ धरून कंप फक्त शेवटी कसा दिला, हे त्यावर येत नाही. लुई आर्मस्ट्राँग यांचे 1928 मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’चे ध्वनिमुद्रण ऐकताना हे विशेष जाणवते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज (दो-रे-मी अशा स्वरनामांनी नोटेशन) वाचायला शिकून मुंबईच्या बँडमध्ये आलेल्या वादकांसमोरही हाच प्रश्न होता. त्यांच्यापैकी हळदोण्याचे चिक चॉकलेट यांना पुढे भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले गेले. वाचता येणे त्यांच्या आड आले नाही, तेव्हा ते आपल्याही आड येण्याचे कारण नाही. फक्त क्रम उलटा हवा. चार बार (चार-चार मात्रांचे गट) ऐकावे, गावे, चुकल्यास पुन्हा ऐकावे, आणि नीट गाता आल्यावरच ट्रम्पेट ओठाला लावावा. कागदावर उतरवायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी. सुरुवातीला 1959 मधील ‘फ्रेडी फ्रीलोडर’वरचा माइल्स डेव्हिस यांचा सोलो घ्यावा, कारण लय मध्यम आहे, स्वर बहुतेक मधल्या पट्ट्यातले आहेत आणि रचना बी फ्लॅटमधल्या ब्लूजची (बारा बारच्या आवर्तनाची), म्हणजे बी फ्लॅट ट्रम्पेटसाठी सी पट्टीतली, आहे, कारण या ट्रम्पेटवर सी म्हणून वाजवलेला स्वर बी फ्लॅट ऐकू येतो. तिथे अकराव्या-बाराव्या बारला कॉर्ड नेहमीप्रमाणे घरी, म्हणजे मूळ कॉर्डवर, परतत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

हार्मनीतली चूक आपल्याकडे थोड्या वेगळ्या वाटेने येते. रागसंगीत ऐकत वाढलेला विद्यार्थी ब्लूज स्केलला राग समजतो आणि बाराही बार त्याच सहा स्वरांवर फिरत राहतो. ‘सो व्हॉट’सारख्या रचनेत, जिथे पहिले सोळा बार एकच डोरियन मोड टिकतो, तिथे अशी वृत्ती उपकारक ठरते. ब्लूजमध्ये मात्र पायाखालची कॉर्ड बदलते आणि ते बदलणे ऐकणाऱ्याला तुमच्या वाक्यातून कळायला हवे. त्यासाठी मोड्सचे तक्ते लागत नाहीत. ट्रम्पेटच्या सी ब्लूजमध्ये सी सेव्हनचा तिसरा स्वर ई आणि सातवा बी फ्लॅट असतो. पाचव्या बारला एफ सेव्हन आली की ई खाली ई फ्लॅटवर येतो, आणि बी फ्लॅट ए-वर. वरच्या सप्तकातला ई कोणताही व्हॉल्व्ह न दाबता वाजतो आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबताच तो ई फ्लॅट होतो. मधला बी फ्लॅट पहिल्या व्हॉल्व्हवर असतो, त्यात दुसऱ्याची भर घातली की ए मिळतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी कॉर्डचा बदल मधल्या एका बोटात सामावलेला आहे. नवव्या बारच्या जी सेव्हनसाठी ई-वरून एफ आणि बी फ्लॅटवरून बी, असे अर्ध्या स्वराने वर जायचे. आठवडाभर बाकी काहीही न वाजवता फक्त हे दोन स्वर लांब धरून आवर्तनामागून आवर्तन वाजवले, तर कॉर्ड बदलल्याचे बोटांनाच कळू लागते.

आवर्तनात हरवणे ही आणखी एक तक्रार. ऑर्केस्ट्रात ऐंशी बारची विश्रांती अचूक मोजणारा वादक बाराच बारच्या फेऱ्यात हरवतो, कारण तो आकडे मोजतो आणि इतरांकडे कान देत नाही. दुसऱ्याचा सोलो चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणत राहावे. हरवलातच, तर थांबून बासवादकाकडे लक्ष द्यावे. पाचव्या बारला तो चौथ्या स्वरावर गेल्याचे साधारण कानालाही ऐकू येते.

वाद्यासंबंधी थोडक्यात सांगायचे, तर जॅझसाठी लगेच उथळ माउथपीस (ओठाला लावायचा भाग) घेऊ नये. त्याने वरचे स्वर थोडे सोपे वाटतील, पण आवाज पातळ होईल आणि जिभेचा दोष तसाच राहील. जॅममध्ये पट्टी पियानोच्या हिशेबाने सांगतात, म्हणून एफ म्हटले की बी फ्लॅट ट्रम्पेटने जी धरावा आणि फ्रेंच हॉर्नने सी. ट्रॉम्बोनला ही चिंता नाही.

राहिली भीती. स्वर फुटला की थांबायचे, हे परीक्षेच्या खोलीतले वळण. इथे चुकलेल्या स्वराच्या अर्ध्या स्वरावर, वर किंवा खाली, बहुतेक वेळा चालणारा स्वर असतोच. तिथे सरकून वाक्य पुरे करावे. हायडनने 1796 मध्ये लिहिलेल्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोतही वादकाने स्वतःचे काही वाजवावे अशी कडेन्झाची (वादकाच्या एकट्याच्या मुक्त वादनाची) जागा मोकळी ठेवलेली आहे आणि आपण सगळे तिथे दुसऱ्या कोणाची तरी छापील कडेन्झा वाजवत आलो आहोत, ही थोडी गमतीची गोष्ट आहे. भीतीपोटी वादक प्रत्येक बार भरूनही टाकतो. त्यावर एक उपाय मला लागू पडला: दोन बार वाजवायचे, पुढचे दोन पूर्ण मोकळे सोडायचे, आणि मोकळ्या बारमध्ये वाद्य ओठावरून खाली घ्यायचे, म्हणजे मोह झाला तरी वाजवता येत नाही.