पिन पार्वतीला जाताय? या चुका टाळा

हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यातून निघायचे, ५,३१९ मीटर उंचीची पिन पार्वती खिंड ओलांडायची आणि स्पितीकडच्या पिन खोऱ्यातील मुद या गावी उतरायचे, अशी ही सुमारे शंभर ते एकशे दहा किलोमीटरची वाट आहे. १८८४ मध्ये लुई डेन हा इंग्रज अधिकारी स्पितीला जाण्याची दुसरी वाट शोधत या खिंडीतून पलीकडे गेला होता. आजही बर्शेणीला रस्ता संपतो, खीरगंगेला गर्दी संपते आणि तिथून मुदपर्यंत मेंढपाळांचे तळ सोडले तर ना गाव लागते, ना दुकान, ना मोबाईलची रेंज.

या वाटेवर मी चार वेळा गेलो. तीन वेळा पलीकडे उतरलो आणि एकदा आल्या वाटेने परतलो. त्यामुळे ओळखीतली मुले-मुली निघण्यापूर्वी सामानाची यादी दाखवायला माझ्याकडे येतात. यादीत बूट, काठ्या, जाकिटे, सगळे चोख असते. मी मात्र आधी परतीच्या तिकिटाची तारीख विचारतो, कारण पुढे होणाऱ्या निम्म्या चुका त्या तारखेतच दडलेल्या असतात.

मोजून घेतलेली रजा

दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार जोडून नऊ दिवसांची रजा काढायची आणि त्यात घर ते घर सगळे बसवायचे, हा सध्याचा शिरस्ता झाला आहे. त्यात प्रवासाचे दिवस वजा केले की चालायला सहा-सात दिवस उरतात. मग कोणीतरी नकाशावर बोट ठेवून सांगतो की टुंडा भुज आणि ठाकूर कुआं हे दोन मुक्काम सहज एकत्र करता येतील. सहज करता येतात, हीच तर अडचण आहे. या वाटेचे पहिले तीन-चार मुक्काम फसवे आहेत. खीरगंगा २,९५० मीटरच्या आसपास, तिथून पुढे कुरणे, भूर्जवृक्ष, बाजूला पार्वती नदी. दिवसाला दोन-तीनशे मीटरपेक्षा फारशी चढण नाही. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना हे चालणे म्हणजे फिरायला गेल्यासारखे वाटते. खरी उडी मानतलाई तलावानंतर आहे. तलाव सुमारे ४,१०० मीटरवर, खिंडीखालचा शेवटचा तळ ४,९०० मीटरच्या घरात आणि दुसऱ्या दिवशी खिंड. सुरुवातीला वाचवलेला दिवस शरीर इथे व्याजासह वसूल करते.

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे. कसोल हे गावच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलेले आहे, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जिथे संपते तिथे या वाटेवरचा सकाळचा चहा होतो. सह्याद्रीतला सराव पायांना, गुडघ्यांना आणि धीराला फार उपयोगी पडतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. पण विरळ हवेची सवय तो मुळीच लावत नाही. ५,३०० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो आणि अलंग-मदन-कुलंग एका दिवसात केलेल्यालाही तो तितकाच मिळतो.

असाच एक तरुण आमच्याबरोबर होता. वय सत्तावीस, रोज दहा किलोमीटर धावणारा. ओडी थाचच्या मुक्कामी (थाच म्हणजे तिकडच्या बोलीत कुरण) त्याने ताटात भात तसाच ठेवला आणि टोपी डोळ्यांवर ओढून तंबूत जाऊन पडला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "काका, ऊन लागलंय, बाकी काही नाही." मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी दुपारी मानतलाईच्या वाळवंटात आम्ही तंबू लावत असताना तो जाकिटाच्या चेनची दोन टोके दोन हातांत धरून उभा दिसला. टोकांकडे टक लावून पाहत होता. ती एकमेकांत कशी अडकवायची हे त्याला सुचत नव्हते. मी काठीने वाळूत एक सरळ रेघ ओढली आणि टाचेला बोट लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तिसऱ्याच पावलाला तो रेघ सोडून बाजूला कलंडला.

डोके दुखणे, भूक मरणे, मळमळणे इथपर्यंत विरळ हवेचा साधा त्रास असतो. तोल जाणे आणि साधी गोष्ट न सुचणे म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्याबरोबर फेस येणे ही फुप्फुसांत पाणी झाल्याची खूण. या दोन्हींवर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. सकाळची वाट पाहायची नाही. आम्ही संध्याकाळी पाच वाजता निघालो. एक पोर्टर पुढे, मी मागे आणि मध्ये तो, दोन बॅटऱ्यांच्या उजेडात अडखळत रात्री अकराला ओडी थाचला पोहोचलो. चारशे मीटर उतरल्याने एवढा फरक पडला की सकाळी त्याने स्वतःहून चहा मागितला. आमचे वाटाडे बाकीच्यांना घेऊन पुढे गेले, मी त्याच्याबरोबर परत फिरलो. वाटेत त्याने कबूल केले की ठाकूर कुआंपासूनच डोके दुखत होते आणि तो वेदनाशामक गोळ्या घेऊन चालत होता. कारण विचारले, तर विमानाचे तिकीट. एक दिवस थांबा म्हटले असते तर सगळ्यांचीच तिकिटे बुडाली असती, म्हणून तो गप्प राहिला.

या खोऱ्याची आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. इथे खाली उतरायचे म्हणजे लांबवर चालत जायचे. खोरे लांबलचक आणि मंद चढाचे असल्याने मानतलाईहून हजार मीटर खाली जायला धडधाकट माणसाला दोन दिवस लागतात. खिंड ओलांडली की सुटलो, हेही खरे नाही. पलीकडे मुद गावच सुमारे ३,७७० मीटरवर आहे.

सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. माझी सवय त्याहून थोडी हट्टी आहे. मी एक पूर्ण दिवस ओडी थाचला, एक मानतलाईला आणि एक खिंडीखाली हवामानासाठी धरतो, म्हणजे तीन दिवस 'वाया'. ज्यांना ते वाया वाटतात, त्यांना मी नम्रपणे खीरगंगेहून परत यायला सुचवतो; तिथे गरम पाण्याचे कुंड आहे आणि रजाही पुरते. अॅसिटाझोलमाइडची, म्हणजे डायमॉक्सची गोळी या दिवसांची जागा घेऊ शकत नाही. प्रतिबंधासाठी ती साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री तंबूतून दोन-तीनदा बाहेर जावे लागते, त्याला घाबरू नये. बोटाला ऑक्सिमीटर लावून दर तासाला आकडे वाचणाऱ्यांचे काय करावे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. त्यापेक्षा सोबत्याचे ताट पाहावे. तो जेवला नाही, तर मला आकडा लागत नाही.

दुपारी तीनचा ओढा

दुसरी चूकही घाईचीच आहे, फक्त तिला पाण्याचे रूप आहे. हिमनदीतून निघणारा ओढा दिवसभर सारखा नसतो. ऊन चढले की बर्फ वितळते आणि ते पाणी वाहत खाली येईपर्यंत दुपार उलटते. पहाटे पोटरीपर्यंत असलेला प्रवाह चार वाजता मांडीपर्यंत येतो. हे सगळ्यांनी वाचलेले असते. तरीही पलीकडच्या काठावर सपाट, हिरवी मुक्कामाची जागा दिसली की वाचलेले विसरायला होते.

पिनच्या बाजूला उतरताना आम्ही एकदा असेच तीन वाजता एका ओढ्यावर पोहोचलो. पाणी राखाडी, दुधात सिमेंट कालवल्यासारखे, त्यामुळे तळ दिसत नव्हता. पाण्याच्या खळखळाटाखाली अधूनमधून 'धप्प' असा जाड आवाज येत होता. तो प्रवाहाबरोबर घरंगळणाऱ्या दगडांचा होता आणि वाटाड्यांनी तो ऐकताच पाठीवरचे ओझे उतरवून ठेवले. आमच्यातल्या एकाने मात्र बूट काढून गळ्यात अडकवले आणि पँट दुमडायला घेतली. मी काठावर, पाण्याला अगदी टेकून एक चपटा दगड ठेवला आणि त्याला म्हणालो, "अर्धा तास बस, मग जा." पंचवीस मिनिटांत दगड दिसेनासा झाला. ती रात्र आम्ही तिरप्या, खडकाळ उतारावर काढली, झोपेत सगळे घसरून तंबूच्या एका कोपऱ्यात गोळा झालो आणि त्याबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले. पहाटे साडेपाचला तोच ओढा पोटरीइतका होता आणि दगड काठापासून चार हात दूर, कोरडा पडला होता.

तेव्हापासून कुठल्याही ओढ्यावर पोहोचलो की मी आधी दगड ठेवतो. पाणी उतरते आहे की चढते आहे, हे कळल्याशिवाय बूट काढू देत नाही. जागा निवडताना अरुंद पट्टा मोहात पाडतो, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असते. प्रवाह जिथे पसरून तीन-चार फाट्यांत विभागतो, तिथून जावे. अनवाणी कधीही उतरू नये. गार पाण्यात अर्ध्या मिनिटात तळपाय बधिर होतात आणि मग दगड कुठे टोचतो तेही कळत नाही. टाचेला पट्टा असलेल्या सँडल याच कामासाठी वाहायच्या असतात. सॅकचा कमरपट्टा उघडा ठेवावा, म्हणजे पडल्यास ती टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी पुढे रोवलेली आणि एका वेळी एकच पाय उचललेला.

पांडू पुलावर वेगळी दक्षता हवी. तो बांधलेला पूल नसून पार्वती नदीवर आडव्या पडलेल्या अजस्र शिळा आहेत. पांडवांनी त्या टाकल्या अशी श्रद्धा आहे. ओल्या शिळेवर फोटोसाठी वळून उभे राहणाऱ्यांना मी दोर बांधल्याशिवाय पुढे सोडत नाही.

खिंडीचा दिवस

इथे चूक एकच आणि ती म्हणजे उशिरा निघणे. पहाटे तीन-साडेतीनला निघालात तर बर्फाची साय कडक असते आणि पाय वर टिकतो. दहा वाजल्यानंतर त्याच बर्फात मांडीपर्यंत रुतायला होते आणि भेगांवरचे बर्फाचे पूलही तोपर्यंत मऊ पडतात. हिमनदीवर सगळे एका दोरात असले पाहिजेत. कोणीतरी गेल्या वर्षी चाललेला मार्ग मोबाईलवर उतरवून घेऊन वाटाड्याला वाट दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत. हिमनदी सरकते, भेगा जागा बदलतात आणि मोबाईलमधली रेघ तिथेच राहते. सामान इथे माणसांच्या पाठीवरून जाते, हेही विसरू नये. पोर्टरांकडे धड बूट, हातमोजे आणि गडद चष्मे आहेत का, हे मी निघण्यापूर्वी बर्शेणीला स्वतः पाहतो. चष्म्याशिवाय बर्फावर चालल्यास संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन उघडतच नाहीत.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. नवे कोरे बूट घालून येऊ नका. किमान शंभर किलोमीटर त्यांत चाललेले असा. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. वरच्या मुक्कामांवर पाणी ८४-८५ अंशांनाच उकळते, तेव्हा कुकरशिवाय डाळ शिजण्याची आशा धरू नका. भूक मेलेली असते म्हणून मी मेतकूट नेतो. मऊ भात, मेतकूट आणि तूप एवढे बहुतेकांच्या घशाखाली उतरते. खीरगंगेच्या रात्री मद्य नको. परदेशातल्या मित्राचा सॅटेलाइट फोन किंवा तसले संदेश पाठवणारे यंत्र मागून आणू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यापायी लोकांना अटकही झाली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पार्वती खोऱ्यात पाऊस कोसळत असतो. पलीकडची स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तिकडचे निरभ्र फोटो पाहून या बाजूचा अंदाज बांधू नका. मी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो.

मुदला पोहोचल्यावरही घर जवळ आलेले नसते. मुद ते काझा (स्पितीचे मुख्य गाव) हा रस्ता दरडींचा आहे. काझाहून मनालीकडे यायचे तर साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड लागते आणि तिथे सप्टेंबरमध्येही बर्फ पडून वाट अडू शकते. मग किन्नौरमार्गे शिमल्याला यावे लागते आणि त्यात दोन दिवस जातात. त्यामुळे मी परतीचे तिकीट काझाला पोहोचून, मोबाईलला रेंज आल्यावरच काढतो. ते महाग पडते, कधी मिळत नाही आणि दिल्लीत एक दिवस काढावा लागतो. कार्यालयात मी सोळा दिवसांचा अर्ज देतो, लवकर परतलो तर उरलेली रजा रद्द करून घेतो. आजवर ती एकदाच रद्द केली, त्या तरुणाला घेऊन परतलो तेव्हा.