दोस्तासंग जनावरांची गमतीची साइट कशी चालवायची

राजेहो, आम्ही दोघायनं गावातल्या जनावरांवर हसायची साइट काढली तेव्हा घरच्यांले वाटलं पोट्टे कामातून गेले. पण दोन वर्षं झाली, चालू आहे. तुमाले काढायची असन तर असं करा.

पहिले कामं वाटून घ्या. मी लिहितो, दोस्त फोटो काढते. गूगलच्या ब्लॉगर नावाच्या सेवेवर फुकटात होते, डोमेनचे म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याचे पैसे पहिल्या वर्षी घालूच नका, फक्त दोघंही ॲडमिन राहा, म्हणजे दोघायलेही साइट उघडून बदल करता आला पाहिजे. दोस्ताचा फोन पेरणीच्या वक्ती वावरातच हरपला, पासवर्ड त्याच्यातच, आन पंधरा दिवस साइटले कुलूप.

फोटो उभ्यानं काढू नका, शेळीची नुसती पाठ येते. उकिडवं बसा, मोबाइल तिच्या डोळ्याबरोबर धरा. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, ते फोटोत नीट आलं की वाटते बाई उधारी मागायलेच आली आहे, वेगळा जोक लिहायची गरजच नाही. फाइल मात्र दोनशे केबीपर्यंत बारीक करा, गावात नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय भेटत नाही, चार एमबीचा फोटो कोण उघडीन?

आता मेन गोष्ट. जोक घरी बसून सुचत नाही, जनावर पाहावं लागते आन थोडं वाचावं लागते. आमच्याकडं रोही हरभऱ्यात शिरते, त्याले नीलगाय म्हणतात पण ते गाय नाहीच, हरणासारख्या कुरंगांतलं आहे. त्याचं शास्त्रीय नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस, फोडून पाहिलं तर बैल, हरीण, बोकड आन उंट असे चार जण निघतात! आम्ही लिहिलं, हरभरा चौघायनं खाल्ला, पंचनामा कोणाच्या नावानं करायचा? तेवढा एक लेख लोकायनं व्हॉट्सॲपवर लय फिरवला.

पाळीव जनावर असन तर मालकाले पहिले विचारा बाप्पा. पोळ्याले एका काकाचा बैल शिंगं रंगवताना पळाला, आम्ही टाकलं 'कामचुकार नंबर एक'. काका नंतर त्याले बैलबाजारात घेऊन गेले तर गिऱ्हाइकानं मोबाइलच समोर धरला. दिवाळीपर्यंत काका आमच्याशी बोलले नाहीत, आन चूक आमचीच होती. तेव्हापासून आम्ही नाव, रंग, खूण सगळं बदलतो.

जंगलाकडच्या गावात राहत असान तर वाघ कुठं दिसला ते टाकू नका, तिथं गर्दी होते. फोटोसाठी वानरांले बिस्किटं बी देऊ नका, मग ते रोज घरात घुसतात.

कापूस वेचणीत लिहायले फुरसत नसते, म्हणून चार-पाच लेख पहिलेच लिहून तारीख लावून ठेवा, ब्लॉगर आपोआप टाकते. आमचे सध्या गाढवावरचे तीन लेख रांगेत आहेत, चौथ्याचा फोटो बाकी आहे, पण गावात गाढवच सापडून नाही राहिलं.