पद्मिनी विकत घेण्याआधी क्लबाचे सभासद व्हा

प्रीमियर पद्मिनी घेण्याची इच्छा असलेले लोक सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना गाडी शोधण्याआधी मालकांच्या क्लबात सामील व्हायला सांगतो. गाडीच नाही तर मालकांच्या क्लबात जाऊन करायचे काय, असा प्रश्न त्यावर हमखास येतो. परंतु ज्या गाडीचे उत्पादन थांबून जवळपास पाव शतक लोटले आहे आणि जिच्यासाठी कंपनीचे सर्व्हिस सेंटर कुठेही उरलेले नाही, तिच्याविषयीची बहुतेक उपयोगी माहिती आज ती चालवणाऱ्यांकडे आणि ती दुरुस्त करणाऱ्या वयस्क मेकॅनिकांकडेच आहे. ही माहिती गाडी घेण्याआधी मिळाली तर पैसे वाचतात आणि नंतर मिळाली तर तीच महाग पडते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातील गोलसर बांध्याची, मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलेली गाडी, त्यानंतर १९६४ची डिलाइट, १९७२ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी हे एकाच घराण्याचे टप्पे आहेत. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा हँडगिअर पाहिला की हे नाते लगेच लक्षात येते. म्हणूनच एका मॉडेलचे काही भाग दुसऱ्याला चालतात. मात्र कोणते चालतात आणि कोणते दिसायला सारखे असूनही बसत नाहीत, हे दुकानदारापेक्षा ती अडचण स्वतः सोसलेला सभासद अधिक खात्रीने सांगतो.

गाडी पाहायला जाताना अनुभवी सभासदाला सोबत न्या, असा माझा आग्रह असतो, आणि त्याचे कारण पत्रा हे आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. संपूर्ण भार बॉडीच पेलते. त्यामुळे फ्लोअर, दारांखालची पट्टी किंवा पुढच्या सस्पेन्शनजवळचा भाग गंजलेला असेल, तर तो केवळ दिसण्यातला दोष राहत नाही, गाडीच्या मजबुतीलाच धोका पोहोचतो. विक्रीपूर्वी नवा रंग मारून घेतलेल्या गाडीत हा गंज सहज लपतो. जाणकार माणूस मॅट उचलून पाहतो, गाडीखाली वाकतो, पत्र्यावर बोटाने टकटक करून गंज झाकायला भरलेल्या पुटीचा आवाज ओळखतो. इंजिनाची मला तितकी चिंता वाटत नाही, कारण पॉइंट आणि कंडेन्सर (इंजिनात ठिणगी पाडणारे भाग), कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) ही कामे समजून घेता येतात व दुरुस्तही होतात. सडलेली बॉडी उभी करणे हे मात्र वेळ आणि पैसा दोन्ही गिळणारे काम आहे.

कागदपत्रांबाबतही हेच आहे. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी जुळतात का, नोंदणीचे पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी झाले आहे का, पर्यावरण कर भरलेला आहे का, हे आधी पाहावे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. तिची पहिली नोंदणी २० हजार रुपयांत दहा वर्षांसाठी होते, परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी कुटुंबासह फिरायला जाण्याची हौस असेल, तर ही नोंदणी घ्यावी की नेहमीचीच टिकवावी, याचा विचार करूनच निर्णय घ्यावा.

आता क्लबाला तुमची गरज का आहे, ते सांगतो, कारण मला खरी कळकळ त्याचीच आहे. या गाडीचे सुटे भाग आणि मेकॅनिक इतकी वर्षे टिकले ते प्रामुख्याने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सी रोज चालत असे, रोज झिजत असे, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर माल विकला जात असे आणि गॅरेजातल्या पोराला काम शिकण्याचे कारण मिळत असे. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या व्यवसायाने पोसलेली बाजारपेठ आता हौशी मालकांनीच तगवायची आहे. एकट्या मालकाला दाराचे रबर किंवा ब्रेकचे किट बनवून द्यायला कोणी कारखानदार तयार होत नाही. अनेकांची मागणी एकत्र नेली, तर तो निदान बोलणे तरी पुढे नेतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटांविषयी प्रत्येकाला काळजी वाटते. तिथेही कोणी कोणता पाइप बसवला आणि तो किती टिकला, याच्या एकत्रित नोंदी उपयोगी पडतात.

म्हणून वर्गणी भरून थांबू नका. ज्यांना यंत्रातले फारसे कळत नाही, त्यांनी वयस्क मेकॅनिक काम करत असताना शेजारी बसून ते लिहून घ्यावे, फोटो काढावेत, टॅपेटच्या गॅपसारखी मापे टिपून ठेवावीत. ही माणसे काम सोडतील तेव्हा हे ज्ञान दुसरीकडून मिळणार नाही. अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांचे मला विशेष स्वागत करावेसे वाटते, कारण पॉइंट उघडून इग्निशन डोळ्यांनी पाहण्याची संधी आजच्या गाड्यांत त्यांना मिळत नाही. ज्यांना हिशेब जमतो त्यांनी सुट्या भागांच्या एकत्रित खरेदीचे काम घ्यावे. त्या कामाला आमच्याकडे नेहमीच माणसे कमी पडतात.

पहिल्या भेटीला गाडीविनाच या. एखाद्या सभासदाच्या परवानगीने मोकळ्या मैदानात हँडगिअर टाकून पाहा, पॉवर नसलेले स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवून पाहा आणि चारही चाकांना ड्रम असलेले ब्रेक किती आधी दाबावे लागतात, ते अनुभवा. त्यानंतरही गाडी हवीशी वाटली, तर ती पाहायला आमच्यापैकी कोणीतरी टॉर्च घेऊन तुमच्याबरोबर येईल.